मनुकांच्या शरबताला कुणाचा हात

१

"काल संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकाच्या भामाबाईने वाइनच्या भांड्यात हात घातला. मी स्वतः पाहिलं. ती खालच्या समाजाची आहे. तुम्हाला तुमचा धर्म पाळायचा असेल तर तिला आजच काढा."

मेसेज इंग्रजीत होता. सकाळी सात चाळीसला नवरदेवाच्या मामाच्या फोनवर आलेला. सव्वाआठला मी आणि भामामावशी रिक्षातून लॉनच्या फाटकाशी उतरलो, तर पुण्याहून आलेल्या विरूपाक्षनं, मामानं त्याला पुढं पाठवलेला तो मेसेज मला तिथंच वाचायला दिला. मी एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, डोकं पहिल्यांदाच फिरलं होतं.

"कोणी पाठवला?"

"स्वागताच्या टेबलावरच्या टॅबवरून गेलाय. तो सगळ्यांसाठी उघडाच असतो," विरूपाक्ष म्हणाला. "मॅडम, मी काय म्हणतो, आजच्यापुरतं भामाबाईंना औशाला घरी पाठवून द्या. वाद नको."

"वाद नको? अरे, तिच्यावर आळ घेतलाय कोणीतरी, आणि वाद नको?"

भामामावशी माझ्या मागंच उभी होती. तिला इंग्रजी येत नाही. पण आपलं नाव आणि समोरच्यांचे चेहरे वाचायला इंग्रजी लागत नाही.

"काय लिव्हलंय, प्रियाताई?"

मी सांगितलं. खोटं कशाला बोलू? तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "तीस वर्षं हजारोंच्या पंगती वाढल्या मी. आज जर गेले ना, तर चोर म्हणून जाईन. मी न्हाई जात."

"कोणी जात नाही," मी म्हणाले. पण मामानं सांगून ठेवलं होतं: नवरीची आजी येईपर्यंत त्या भांड्याला आणि चुलीला कोणी शिवायचं नाही, आणि त्या बाईनं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. आजी एक वाजता येणार होती. पाचला लग्न. मावशीचं नाव धुवायला माझ्या हातात साडेचार तास होते.

२

मी बुद्धप्रिया सोनकांबळे, लातूरची. पंधरा वर्षं लोकांची लग्नं उभी करून देते. पोलीस नाही मी. पण हरवलेल्या अंगठ्या, पळालेले भटजी, गायब झालेले रुखवताचे डबे, हे सगळं मीच शोधलेलं आहे. लग्नघरात खोटं कोण बोलून राहिलंय ते मला वासावरून कळतं.

हे लग्न मात्र वेगळं होतं. नवरी तामार वाकरूळकर, राहणार अश्दोद, इस्राएल. मराठी ज्यू. तिचे आजोबा उमरीला स्टेशनमास्तर होते आणि आजी, रिबकाबाई, लग्न होऊन आली ती त्या रेल्वेच्या क्वार्टरमध्येच. परदेशात जाऊन लग्न करायची तिकडं टूम आहे. कोणी समुद्रकाठी जातं, कोणी डोंगरात. तामार म्हणाली, मला आजीच्या उमरीजवळ करायचंय. म्हणून नांदेडचं, उमरी रस्त्यावरचं हे लॉन. काम पुण्याच्या एका कंपनीनं घेतलं, त्यांचा माणूस विरूपाक्ष. मूळचा निलंग्याचा, पण बोलतो असा की शनिवार पेठेतच जन्मला. स्वयंपाक आणि व्यवस्था माझ्याकडं.

पुण्याहून यादी आली. भांडी नवी कोरी. मांसमच्छी नाही. शेगडी त्यांच्याच माणसानं पेटवायची. आणि शेवटी: उघडलेल्या वाइनला परधर्मीयाचा हात लागता कामा नये.

ते वाचून मी फाईल भिंतीवर फेकली होती. हात लागता कामा नये! माझ्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं, आता विमानातून आलेल्यांकडूनही ऐकायचं? मी थेट आजीलाच फोन लावला आणि विचारलं, हा नियम कोणाकोणासाठी? एक्क्याऐंशी वर्षांची बाई, स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाळा, आमच्यातला नसेल त्या प्रत्येकाला. राजा असो नाहीतर झाडूवाला. देवाच्या प्याल्यापुरतं." सगळ्यांना सारखं आहे म्हणताना मी कामाला हो म्हटलं. राग गेला नव्हता, पण हो म्हटलं.

काल दुपारी आजीनं स्वतः शेगडी पेटवली. वाइनची बाटली वगैरे काही नाही. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या काळ्या मनुकांचं शरबत करतात, तेच प्रार्थनेला चालतं. मनुका उकळल्याचा गोड वास पार फाटकापर्यंत आला होता. गाळून, गार करून तिनं ते स्टीलच्या पातेल्यात भरलं, झाकण ठेवलं आणि साडेसहाला कडेनं कणकेची पट्टी लावून बंद केलं आणि कोठीत ठेवलं. कणकेत तिनं चिमूट चिमूट करून चांगली हळद घातली, मुंग्या येऊ नयेत म्हणून. "उमरीच्या मुंग्या मला माहीत आहेत," म्हणाली.

आज सकाळी आजी तामारला घेऊन उमरीचं स्टेशन दाखवायला गेली. लग्नाच्या दिवशी नवरीचा उपास, आणि तामारनं स्वतःचा नि आजीचा, दोन्ही फोन बंद ठेवलेले. म्हणजे विचारायचं तरी कोणाला?

कोठीची एक किल्ली माझ्या कमरेला. दुसरी ऑफिसातल्या खिळ्याला, कोणालाही मिळेल अशी. मी मावशीला घेऊन कोठीत गेले. तिला स्वयंपाकघरात बंदी होती, कोठीचं कोणी बोललं नव्हतं.

झाकण तिरकं पडलं होतं. आणि पातेल्याशेजारी हिरव्या बांगडीचा तुकडा.

३

"माझीच हाय," मावशी म्हणाली. मी तिच्याकडं बघतच राहिले. "काल दुपारी मोरीवर फुटली की. मी तुकडे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकले. सगळ्यांच्या देखत. जहांगीर हसला पण मला."

म्हणजे डब्यातून उचलून इथं आणून ठेवलाय. किती खालच्या थराला जावं माणसानं!

मावशी खाली बसली होती. हात न लावता नुसती वाकून पातेल्याभोवती पडलेली पिवळी कणीक बघत होती.

"प्रियाताई, त्या कागदात किती वाजता लिव्हलंय?"

"संध्याकाळी सात."

"झूट हाय. साडेसहाला आजीनं कणीक लावली. सातला मोडली असती तर कणीक ओली होती, ओढली गेली असती, गोळा हाताला चिकटला असता. ही बघा कशी पडलीय. पापडावानी. रातभर वाळल्यावर मोडलीय ही. सकाळी."

मी एक तुकडा उचलून दाबला. कट्कन मोडला. मला रागात हसू आलं. जिला अडकवायला निघाले होते तिलाच कणीक कळत होती, आणि अडकवणाऱ्याला नव्हती.

आज सकाळी सव्वाआठपर्यंत मावशी माझ्याबरोबर होती, एका खोलीत, एका रिक्षात. त्याआधी लॉनवर होते तिघंच. विरूपाक्ष, जो इथल्याच खोलीत उतरला होता. मांडववाला जहांगीर, जो सहालाच कामाला लागला होता. आणि लॉनचे मालक शेषेराव, ज्यांचं घरच फाटकाला लागून आहे. पाहुणे सगळे हॉटेलात.

या तिघांतल्या एकानं मेसेज पाठवला होता. मी बाहेर आले तर शेषेराव माझीच वाट बघत उभे. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, तोंडावर दुःख.

"ताई, वाईट वाटलं हो. भामाबाई म्हणजे देवमाणूस. पण मला विचाराल तर जहांगीरकडं बघा." आवाज खाली आणून म्हणाले, "तो मुसलमान. हे इस्राएलचे लोक. समजून घ्या तुम्ही."

माझ्या कानशिलात घण बसल्यासारखं झालं. एका माणसाला जात लावून झाली, आता दुसऱ्याला धर्म लावायचा.

४

जहांगीर हिरवळीवर चार खांब उभे करत होता. ज्यूंचं लग्न चार खांबांवर ताणलेल्या कापडाखाली लागतं. त्यानं सागवानाच्या त्या खांबांवर डाळिंबं कोरली होती, कोणी सांगितलं नसताना.

"काल भामाबाईशी भांडलास म्हणे?"

"भांडलो तर. तिची शेगडी माझ्या खांबांजवळ. धूर लागला असता लाकडाला. लई बोलली मला, मी पण बोललो. मग तिनं भाकरी दिली, मी खाल्ली." त्यानं रंधा बाजूला ठेवला. "माझ्यावर येऊन राहिलंय का हे?"

"येऊ देणार नाही. एक काम कर माझं. ते शरबत दुसऱ्या भांड्यात काढून ठेवायचंय, मुंग्या लागतील. भामाबाईला बंदी आहे. तू काढतोस?"

"तोबा! माझा हात कसा चालेल? यादी वाचून दाखवली ना विरूपाक्षनं काल, त्यांच्यातलं कोणी असेल तरच. आमच्याकडं पण हलाल-हराम हाय, मला समजतंय. मी कशाला शिवू?"

विरूपाक्ष टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या लावत होता. त्याच्यावर माझा संशय होताच. त्याला आधीपासून हैदराबादचा केटरर हवा होता, औशाची बाई नको होती. मी तेच विचारलं. तो दचकून मागं सरला.

"मॅडम, मी लिहिलेली यादी तुम्ही वाचली ना? नो आउटसाइडर. मी हात लावला तर माझी नोकरी जाईल. मामांनाच विचारा."

घाबरट आहे, पण नियम त्याला पाठ होता.

शेषेराव ऑफिसात चहा पीत होते. मी दारात उभी राहिले आणि शब्दशः तेच विचारलं. "शरबत दुसऱ्या भांड्यात काढायचंय, शेषेराव. भामाबाईला बंदी आहे. कोणाला सांगू?"

"एवढंच ना?" त्यांनी कप ठेवला. "चला की, मी काढतो. माझ्या हाताला काय झालंय?"

आणि बाह्या वर करत ते उठलेसुद्धा. मी त्यांच्या मनगटाकडं बघत राहिले. स्टीलच्या घड्याळाच्या पट्ट्यात, कड्यांच्या मधे, कसलीतरी पिवळी वाळकी खपली अडकली होती.

"शेषेराव, हे काय लागलंय?"

"कुठं? हां, हे... हळद असेल. लग्नघर आहे, लागते हळद."

"या लग्नात हळद नाही," मी म्हणाले. "यांच्यात मेंदी असते. स्वयंपाकघर सकाळपासून बंद. हळदीची कणीक अख्ख्या लॉनवर एकाच ठिकाणी होती."

५

मी ओरडले. कबूल करते, मी ओरडलेच. मामा, विरूपाक्ष, जहांगीर, सगळे धावत आले. मावशी दाराशी उभी राहिली.

"तिघांना मी एकच प्रश्न विचारला," मी म्हणाले. "जहांगीर म्हणाला, माझा हात चालत नाही. विरूपाक्ष म्हणाला, माझा चालत नाही. कारण नियम तसाच आहे, तो कोणालाच सोडत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याला तो तसा कळलाच नाही. त्यानं 'हात लागता कामा नये' एवढं ऐकलं आणि त्याला वाटलं, हे तर आपल्या ओळखीचं! मेसेजात काय लिहिलंय? परधर्माची बाई असं नाही, खालच्या समाजाची बाई. असा माणूस स्वतः झाकण उघडताना थांबत नाही. आपला हात चालतो, अशी त्याला खात्री असते. शेषेराव, तुम्ही आत्ता माझ्यासमोर बाह्या वर केल्या."

"हा काय पुरावा झाला?" शेषेराव तडकले.

"हा नाही. तो तुमच्या मनगटावर आहे. काढा घड्याळ."

त्यांनी काढलं नाही. जहांगीरनं पुढं होऊन त्यांचा हात धरला, मी पट्ट्यात नख घातलं आणि पिवळी खपली टेबलावर पडली. मावशीनं कोठीतला तुकडा आणून शेजारी ठेवला. एकाच कणकेचे दोन तुकडे होते.

"का केलं?" मी विचारलं.

शेषेरावांनी हात हिसकून बाही खाली ओढली. मग एकदम उसळून म्हणाले, "तुम्हाला काय जातंय विचारायला! पुढच्या महिन्यात मोठ्या घरचं लग्न आहे इथं. त्यांच्या कानावर गेलं किचनात कोण आहे ते. मला फोन आला, त्या चुलीवर आमचं अन्न शिजणार का म्हणून. मी काय सांगू? ती आपणहून गेली असती तर कोणाला काही झालं नसतं!"

"कोणाला काही झालं नसतं," मावशी हळूच म्हणाली. "म्हणजे मी कोणीच न्हाई."

तेवढ्यात फाटकात गाडी थांबली. तामारचा हात धरून आजी उतरली. मामानं सगळा प्रकार त्यांच्या भाषेत भडाभडा सांगितला, शेवटी हात वर करून. शरबत उघडलं गेलं होतं, शेषेरावांच्या हातानं. आता पाचच्या प्रार्थनेला काय, असं त्याचं म्हणणं मला न समजताही समजलं.

आजीनं ऐकून घेतलं आणि त्याला मराठीतच फटकारलं. "एलिआझार, वास येत नाही का तुला? मी ते उकळलंय. शिजवलेल्याला तो नियम लागतच नाही. कोणीही शिवो."

मामानं वर केलेले हात खाली आणले. माझा मात्र राग आत धुमसत होता, तो मी गिळला नाही. "आजी, आणि उकळलं नसतं तर? मग मावशीच्या हातानं बाटलं असतं?"

"असतं," आजी म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही. "तिच्या, तुझ्या, या मालकाच्या, सगळ्यांच्या. खोटं कशाला सांगू? उमरीच्या क्वार्टरला माझ्या सासूच्या घरात दिवसभर शेजारणी यायच्या. कोणी भांडं उचलायची, कोणी झाकण उघडून बघायची. सासू म्हणायची, कोणाला 'हात लावू नकोस' असं मी कोणत्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा उकळते. म्हणून आम्ही उकळतो."

मावशी पदरानं डोळे पुसत होती, आणि डोळे पुसतानाही तिचा जबडा आवळलेलाच होता.

"भामा, तूच ओत आता पेल्यांत," आजी म्हणाली.

"न्हाई," मावशी म्हणाली. "आधी त्या टॅबवरनं दुसरा कागद जाऊ द्या. ह्यांच्या नावानं. ह्यांनीच लिव्हायचा."

शेषेरावांनी लिहिला. विरूपाक्षनं इंग्रजी सुधारलं, आणि पहिल्यांदा त्याचं इंग्रजी माझ्या कामी आलं. 'हात मी घातला. भामाबाईंवर मी खोटा आळ घेतला. शेषेराव.' मामानं वाचलं, मावशीपुढं येऊन छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली.

मग मावशीनं डाव हातात घेतला. मामाला पेला दिला, तो प्यायला. जहांगीर, विरूपाक्ष, मी, आजी. उपासामुळं तामारनं नुसता वास घेतला. शेवटचा काचेचा पेला भरून मावशी शेषेरावांपुढं गेली.

"घ्या. माझा हात हाय."

त्यांनी पेला घेतला. आम्ही सगळे बघत होतो. पेला ओठांपर्यंत गेला, थांबला, आणि त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला. एक थेंब न पिता ते ऑफिसात निघून गेले.

इतका वेळ ओरडले होते, पण अंगाची खरी लाही तेव्हा झाली. मी त्यांच्या मागं निघाले होते. आजीनं माझं मनगट धरलं. तिनं तो पेला उचलला, शरबत चाफ्याच्या बुंध्याशी ओतलं आणि पेला पांढऱ्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

पाचला ऊन कलतं झालं. डाळिंबाच्या खांबांखाली तामार आणि तिचा नवरा उभे राहिले. अंगठी झाली, आशीर्वाद झाले, मावशीनं ओतून दिलेलं शरबत दोघं प्यायले. शेवटी नवऱ्यानं पायानं काचेचा पेला फोडायचा असतो. एवढ्या आनंदातही जगात काहीतरी मोडलेलं आहे, ते विसरायचं नाही म्हणून. आजीनं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून त्याच्या पायाशी ठेवली. मला ओळखू आली. ऑफिसच्या खिडकीत उभ्या असलेल्या शेषेरावांनाही आली.

पाय आपटला. काच फुटल्याचा आवाज अख्ख्या लॉनवर गेला आणि पाहुण्यांनी एकच जल्लोष केला. एक काच रुमालातून उडून हिरवळीवर पडली.

"मावशी, इथं काच पडलीय," विरूपाक्ष सवयीनं बोलून गेला.

मावशी वळलीसुद्धा नाही. "लॉन ज्याचं त्यानं झाडावं," ती म्हणाली. "मला भात बघायचाय."